घरासाठी छोटं वेल्डिंग मशीन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटची निखळलेली बिजागरी, गंजलेली ग्रिल, कुंड्यांचा स्टँड, शेतावरच्या अवजाराची तुटलेली पट्टी, अशा कामांसाठी स्वतःचं मशीन घ्यायचं म्हणणाऱ्यांकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच घेतोय. घरासाठी कोणतं मशीन घ्यावं, एकच उत्तर द्या.

सिंगल फेजवर चालणारं, आयजीबीटीचं (आत करंट झपाट्याने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग असलेलं), रॉडवर काम करणारं इन्व्हर्टर मशीन. खोक्यावर ‘एमएमए’ किंवा ‘आर्क’ लिहिलेलं असतं; आर्क म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणारी विजेची ज्योत. वजन चार ते सहा किलो, किंमत साधारण ५ ते ९ हजार रुपये. खोक्यावर १६०, २००, २५० काहीही छापलेलं असो, घरच्या कामाला खरे ९० ते १२० अँपिअर पुरतात. सगळे पैसे मशीनवर घालवू नका. खिशात नऊ हजार असतील तर सहाचं मशीन घ्या आणि उरलेले डोळ्यांसाठी चांगली काळी काच, चामडी हातमोजे, अर्थिंग क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) आणि रॉड यांना ठेवा. भारी मशीन आणि दीडशे रुपयांची काच ही जोडी आम्ही नको तितक्या वेळा पाहिली आहे.

२. इन्व्हर्टर मशीन म्हणजे लाइट गेल्यावर घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर चालणारं का?

नाही. नावामुळे हा घोळ होतो. मशीन आत येणाऱ्या विजेचं आधी डीसी करतं, मग तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतं, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो, आणि बाहेर पुन्हा डीसी देतं. या मधल्या पायरीवरून ते नाव आलं. घरातल्या ९०० व्हीएच्या (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर) इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नका. छोट्या कामालाही तीन-साडेतीन हजार व्हीए लागतात. जनरेटरसाठी प्रश्न ८ पाहा.

३. आमचा फॅब्रिकेशनवाला अजून जड ट्रान्सफॉर्मर मशीनच वापरतो आणि तेच टिकतं म्हणतो. त्याचं ऐकू का?

टिकतं हे खरं. आत सर्किट बोर्डच नसतो, जळलं तर वाइंडिंगवाला गुंडाळून देतो. पण त्याच्या दुकानात जे चालतं ते तुमच्या घरात चालेलच असं नाही. ते मशीन पन्नास-साठ किलोचं असतं, बऱ्याचदा दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर जोडलेलं असतं, आणि तेवढ्याच टाक्याला, म्हणजे वेल्डच्या जोडाला, इन्व्हर्टरपेक्षा बराच जास्त करंट लाइनमधून ओढतं. घरातल्या सिंगल फेजवर लावलं की आळीभर लाइट मिचमिचतात. शिवाय ते एसी देतं, आणि पातळ पाइपवर डीसीचा आर्क नवशिक्याला फार सोपा जातो. स्वस्त ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये तांब्याऐवजी अॅल्युमिनियमचं वाइंडिंग असतं, तेव्हा ‘टिकतं’ हाही मुद्दा गेला.

४. पाच-सहा हजारांच्या मशीनवर ‘२०० अँपिअर’ लिहिलंय. खरंच मिळतात का?

घरच्या प्लगवर तर नाहीच. हा हिशेब एकदा समजून घेतला की दुकानदाराच्या निम्म्या गप्पा आपोआप गळतात.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचा व्होल्टेज साधारण असा धरतात: २० अधिक करंटचा ०.०४ पट. म्हणजे ९० अँपिअरला २३.६ व्होल्ट, २०० ला २८ व्होल्ट. गुणाकार केला की ९० अँपिअरला आर्कमध्ये सुमारे २,१०० वॅट आणि २०० ला ५,६०० वॅट लागतात. मशीन आत येणाऱ्या शक्तीपैकी साधारण ८५ टक्केच आर्कपर्यंत पोचवतं आणि स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्हीएपैकी खरे वॅट किती, तो वाटा) ०.७ च्या आसपास असतो. हे धरलं की ९० अँपिअरच्या आर्कला लाइनमधून १५–१६ अँपिअर जातात, २०० ला ४० च्या वर. सोळा अँपिअरच्या प्लगमधून ४० अँपिअर ओढणारं मशीन नसतं. असलंच तर प्लग वितळतो.

म्हणून खोकं बाजूला ठेवा आणि मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे ‘आय१ मॅक्स’ म्हणजे लाइनमधून जास्तीत जास्त किती करंट जाईल ते छापलेलं असतं. समजा पट्टीवर आउटपुट २०० आणि आय१ मॅक्स २० अँपिअर आहे. २३० गुणिले २० म्हणजे ४,६०० व्हीए, सगळीच्या सगळी आर्कमध्ये गेली तरी ५,६०० वॅट होत नाहीत. आकडा खोटा आहे, एवढं दुकानातच कळतं. पट्टीच नसेल तर ते मशीन ठेवून पुढच्या दुकानात जा. नॉबवरच्या आकड्यांवरही फार विश्वास नको. अनेक स्वस्त मशिनांवर डिस्प्लेला १२० दिसतं तेव्हा क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) ९० दाखवतो.

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ९० खरे अँपिअर २.५ मिमीच्या रॉडला भरपूर होतात, आणि घरातलं बहुतेक काम त्याच रॉडचं असतं.

५. घरातल्या कोणत्या प्लगवर लावू? एमसीबी पडेल का?

गिझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा, तांब्याच्या किमान २.५ चौरस मिमी वायरचा, स्वतंत्र पॉइंट. त्यावर ८०–९० अँपिअरपर्यंत काम होतं. त्याच लाइनवर गिझर चालू असेल तर तो एकटाच नऊ अँपिअर खातो, आधी तो बंद करा. पाच-सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर कन्व्हर्टर लावून मशीन चालवू नका. तिथे एमसीबी पडली नाही तर ती जास्त काळजीची गोष्ट आहे.

चालू करताच एमसीबी पडते, नंतर चालतं, असं होत असेल तर ती बहुधा ‘बी’ कर्व्हची आहे. मशीनमधले कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट ओढतात, त्याला ‘सी’ कर्व्ह लागते. नियमित ३.१५ मिमीचे रॉड वापरायचे असतील तर इलेक्ट्रिशियनकडून बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिमीची लाइन, २५ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी आणि ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसवून घ्या. वायर तीच ठेवून फक्त मोठी एमसीबी टाकणं हा भिंतीच्या आत आग लावायचा हमखास उपाय आहे. विजेच्या बिलावरचा मंजूर भारही पाहा. तो एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

६. गावाला व्होल्टेज १८० वर येतं. मशीन चालेल का?

पाठीवरच्या पट्टीवर इनपुटची मर्यादा असते. ‘२३० अधिक-उणे १५ टक्के’ लिहिलं असेल तर १९५ ते २६५ व्होल्ट. १८० ला असं मशीन इशाऱ्याचा पिवळा दिवा लावून बसतं किंवा आर्क मरतुकडा येतो. गावासाठी घेत असाल तर खालची मर्यादा १६०–१७० असलेलं मुद्दाम शोधा, हजारभर रुपये जास्त गेले तरी. एक उलटी वाटणारी गोष्ट: व्होल्टेज कमी झालं की इन्व्हर्टर मशीन तेवढाच आर्क देण्यासाठी लाइनमधून जास्त करंट ओढतं. २३० ला १५ अँपिअर ओढणारं मशीन १८० ला १९–२० ओढेल. म्हणून संध्याकाळी एमसीबी पडते आणि सकाळी नाही. फ्रिजचा किंवा टीव्हीचा स्टॅबिलायझर मध्ये घालू नका, तो जळेल.

आणि एक धोका गावातच जास्त. ट्रान्सफॉर्मर मशीन दोन फेजवर लावायची सवय असलेला माणूस हौसेने तुमचं २३० चं मशीनही तसंच जोडून देतो. ४१५ व्होल्ट मिळताच आतले कपॅसिटर फुटतात. वॉरंटीत हे बसत नाही. तारेवर आकडा टाकून चालवण्याबद्दलही प्रश्न येतात. उत्तर नाही असंच आहे, आणि ते फक्त कायद्यामुळे नाही. आकड्याला ना एमसीबी असते ना अर्थिंग.

७. गेट घरापासून वीस मीटर लांब आहे. एक्स्टेंशन बोर्ड चालेल?

बोर्ड चालेल, पण त्याची वायर जाड हवी. इस्त्रीला वापरतो तसली १ चौरस मिमीची २० मीटर वायर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं होतं, रोध सुमारे ०.७ ओहम. १५ अँपिअरला ११ व्होल्ट वाटेतच जातात आणि दीडशेहून जास्त वॅटची उष्णता वायरमध्ये राहते. तीच वायर २.५ चौरस मिमी घेतली तर तूट चार-साडेचार व्होल्टवर येते. रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळात उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, आतले वेढे एकमेकांना चिकटतात.

वेल्डिंगच्या बाजूची केबल लांबवायची असेल तर तो वेगळा हिशेब आहे, प्रश्न ११ पाहा.

८. जनरेटरवर चालेल?

५ केव्हीएचा असेल तर २.५ मिमीचा रॉड निवांत चालतो. २–३ केव्हीएच्या पोर्टेबल जनरेटरवर आर्क काढताच जनरेटर गुदमरतो, व्होल्टेज वर-खाली होतं आणि त्यात मशीनचा बोर्ड जातो. जनरेटर आधी सुरू करा, स्थिर झाला की मशीन चालू करा. बंद करताना उलट.

९. ड्यूटी सायकल ६० टक्के म्हणजे काय? कमी असेल तर घेऊ नको का?

दहा मिनिटांच्या चक्रात, ४० अंश तापमानाला, त्या करंटवर मशीन सलग किती मिनिटं आर्क देऊ शकतं ते. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार विश्रांती. आकडा कोणत्या करंटला दिला आहे ते पाहा. ‘१६० ला ३० टक्के’ हे मशीन करंट उतरवला की जास्त वेळ टिकतं: ११० च्या आसपास ६० टक्के, ८८ ला जवळपास सलग.

घरी मात्र हा आकडा क्वचितच आडवा येतो. २.५ मिमीचा रॉड साधारण मिनिटभर जळतो. मग टाक्यावरची खपली काढायची, ब्रश मारायचा, दुसरा रॉड लावायचा, पुढचा तुकडा काटकोनात धरायचा. आर्क चालू असतो निम्म्याहून कमी वेळ. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या शेडखाली मात्र हवाच ४० च्या वर असते, तिथे मशीन लवकर थांबेल हे धरून चाला.

१०. दुकानात उभं राहून काय तपासायचं?

पाठीवरची पट्टी (प्रश्न ४). मग मशीन चालू करून पंखा ऐका. खरखर किंवा घासल्याचा आवाज नको. पुढच्या सॉकेटमध्ये केबलचा प्लग घालून उजवीकडे फिरवा, घट्ट अडकला पाहिजे, हलत राहिला तर तिथेच तापून जळेल. शक्य असेल तर तिथेच दोन रॉड जाळून दाखवायला सांगा. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात बरेच दुकानदार मागच्या बाजूला करून दाखवतात. शेवटी विचारा की दुरुस्ती कुठे होते. ‘कंपनीला पाठवावं लागेल’ हे उत्तर असेल तर ५०० रुपये जास्त देऊन तुमच्याच शहरात सर्व्हिस असलेलं घ्या. बोर्ड मिळत नाहीत म्हणून वर्षभरात भंगारात गेलेली मशिनं कमी नाहीत. जीएसटीचं बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का हवाच.

हॉट स्टार्ट, आर्क फोर्स, अँटी-स्टिक ही नावं ऐकू येतील. पहिल्याने रॉड पटकन पेटतो, दुसऱ्याने आर्क आखूड झाला तरी विझत नाही, तिसऱ्याने रॉड चिकटला की करंट आपोआप उतरतो. अँटी-स्टिक नवशिक्याला खरंच कामाचं. बाकी दोन बहुतेक मशिनांत आतच बसवलेली असतात.

११. सोबत आलेली केबल आणि होल्डर चालतील का?

सुरुवातीला चालतील. केबल तांब्याची आहे का ते बघायला टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. अशी केबल होल्डरजवळ वारंवार वाकून तुटते आणि तापते. बदलताना १६ चौरस मिमी तांब्याची वेल्डिंग केबल घ्या, १२० अँपिअरपर्यंत दोन्ही बाजूंना पाच-सात मीटर पुरते. त्याहून लांब हवी असेल तर २५ चौरस मिमी.

सगळ्यात आधी बदलायची वस्तू म्हणजे अर्थिंग क्लॅम्प. सोबतचा पत्र्याचा चिमटा स्प्रिंगमधून करंट नेतो, स्प्रिंग तापून मऊ पडते, पकड जाते. दोनशे-तीनशे रुपयांचा जड पितळी किंवा तांब्याच्या पट्टीचा क्लॅम्प लावला की ‘मशीन बदललं का’ असं वाटतं.

१२. कोणता रॉड घेऊ? दहा नंबर, बारा नंबर म्हणजे काय?

नंबर म्हणजे तारेचा जुना गेज: बारा नंबर २.५ मिमी, दहा नंबर ३.१५, आठ नंबर ४ मिमी. नंबर वाढला की रॉड बारीक होतो, इथेच नवखे फसतात. घरासाठी ६०१३ वर्गाचा २.५ × ३५० मिमीचा रॉड घ्या. किलोत साधारण ५० येतात. करंट ६० ते ९०. ३.१५ ला ९० ते १३०, २ मिमीला ४० ते ६०. खोक्यावर आयएस ८१४ (रॉडचं भारतीय मानक) चा उल्लेख आणि बॅच नंबर पाहा. एडोर, ईसॅब, डी अँड एच सेचेरॉन यांचे रॉड सगळीकडे मिळतात. सुटे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले रॉड घेऊ नका, ते किती पावसाळे पाहून आलेत ते कळत नाही.

७०१८ वर्गाचा रॉड ‘जास्त मजबूत’ म्हणून सुचवला जातो. तो कोरडाच लागतो, ३०० अंशांच्या वर भाजून वापरतात, आणि स्वस्त मशीनवर दुसऱ्यांदा पेटायला त्रास देतो. घरच्या कामात त्याची गरज नाही.

१३. रॉड सारखा चिकटतो. मशीन खराब निघालं का?

बहुधा नाही. या क्रमाने पाहा: क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावलाय का (खरवडून चकचकीत लोखंडावर लावा), करंट कमी आहे का (दहाने वाढवा), रॉड ओला आहे का, लाइनचं व्होल्टेज पडलंय का. मग हात. रॉड टोचायचा नाही, आगकाडी ओढतो तसा ओढायचा आणि रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं. नीट जुळलं की आवाज सलग चरचरीत येतो. फट्-फट् तुटक आवाज म्हणजे अंतर जास्त, घुसमटल्यासारखा आवाज म्हणजे रॉड टेकतोय.

१४. चौरस पाइपला भोक पडतं. काय चुकतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि दोष निम्मा पाइपचा. बाजारात ‘१६ गेज’ म्हणून मिळणारा पाइप व्हर्नियरने मोजला तर १.६ मिमीऐवजी १.२–१.३ निघतो, म्हणजे खरा १८ गेज. दुकानातच मोजा.

तंत्र असं. २ मिमीचा ६०१३ रॉड, ४५–५० अँपिअर. होल्डर ऋण टोकाला आणि क्लॅम्प धन टोकाला लावा, त्याने पाइपकडे जाणारी उष्णता कमी होते. जोड घट्ट बसवा. पातळ पाइपमध्ये दोन मिमीची फट असली की भोक पडणारच. जागा उभी करता आली तर वरून खाली ओढत या, टाका पातळ आणि झटपट बसतो. एका वेळी दहा-पंधरा मिमी, मग समोरच्या कोपऱ्यात, मग तिसऱ्या. सलग चारही बाजू मारल्या तर भोक नाही पडलं तरी फ्रेम वाकते.

भोक पडलंच तर त्यावर रॉड धरून बसू नका, ते वाढत जातं. थंड होऊ द्या. जुन्या रॉडचा वरचा फ्लक्स (तारेवरचा मसाल्याचा थर) हातोडीने ठोकून काढा, ती उघडी तार भोकावर आडवी ठेवा आणि कडेने छोटे छोटे टाके मारत तिच्यात जोडून घ्या. मग ग्राइंडर.

१५. रॉडची कटकट नको. गॅस न लागणारं मिग घेऊ का?

पातळ पाइप आणि पत्र्याचं काम जास्त असेल तर विचार करण्यासारखं आहे. ट्रिगर दाबला की तार येते, हात लवकर बसतो. पण मशीनची किंमत रॉडच्या मशीनच्या दीड-दोन पट, फ्लक्स भरलेली ०.८ मिमीची तार रॉडपेक्षा चांगलीच महाग, धूर आणि शिंतोडे भरपूर. किलोभराचं उघडं रीळ पावसाळ्यात गंजलं की तार पुढे ढकलणारा फीडर अडखळतो. एक चूक फार होते: या तारेला गन ऋण टोकाला लागते, मशीन बऱ्याचदा गॅसच्या जोडणीवर, म्हणजे गन धन टोकाला, येतं. आतली पट्टी बदलली नाही तर शिंतोड्यांचा पाऊस पडतो. वर्षातून चार वेळा काम करणाऱ्याने रॉडच शिकावा, असं आमचं मत.

१६. स्टेनलेस स्टील, बीड, अॅल्युमिनियम याच मशीनवर होईल?

स्टेनलेस होतं: ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ३०८ एल रॉड, स्टेनलेस आणि साधं लोखंड जोडायला ३०९ एल. करंट थोडा कमी ठेवा. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, निकेलच्या रॉडने होतं. रॉड महाग असतो, आणि टाका एका वेळी इंचभरच, लगेच हलक्या हातोडीने ठोकायचा, शेवटी राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्यायचं. साध्या ६०१३ ने बीड जोडलं तर टाका पक्का वाटतो आणि थंड होताना शेजारून टिचतो. अॅल्युमिनियमला एसी टिग (गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने वेल्ड करणारं वेगळं मशीन) लागतं. ते या बजेटात येत नाही, बाहेर करून घ्या.

१७. कोणती काच घेऊ? आणि डोळ्यांत आर्क लागला तर?

८० अँपिअरच्या आसपास १० नंबरची काच, त्याहून जास्त करंटला ११. आपोआप काळी होणारा हेल्मेट नवशिक्याला फार सोयीचा, कारण रॉड टेकवायच्या आधी जागा दिसते. दीड-दोन हजारांत बरा मिळतो, ९ ते १३ नंबर बदलता येणारा घ्या. दुकानात न घालता सूर्याकडे धरून काळा होतो का ते पाहा. काळा चष्मा किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही.

आर्क लागल्याचं लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. खोली अंधारी करा, डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बटाट्याचे काप किंवा दुधाचे थेंब यांनी काही फायदा होत नाही, उलट डोळ्यांत जंतू जातात. बधिर करणारे थेंब स्वतःहून घालू नका. शेजारी ‘बघत’ बसलेल्या मुलांनाही आर्क लागतो, त्यांना आधी आत पाठवा. अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉनची पॅंट नको.

१८. कशाला हात लावू नये?

पेट्रोल-डिझेलची टाकी, रंग-तेलाचे बंद ड्रम, गॅसची शेगडी किंवा सिलिंडरजवळचं काही. ड्रम रिकामा आणि धुतलेला असला तरी उरलेल्या वाफेने फुटतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा जस्ताचा थर जोडापासून इंचभर ग्राइंडरने काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता आडवं उभं राहून काम करा. पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गाडीवर काम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढा आणि क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. झोपाळ्याचे हुक, जिना, गच्चीवरच्या टाकीचा स्टँड ही पहिल्या वर्षातली कामं नव्हेत. पेसमेकर असलेल्याने मशीनजवळ येण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

१९. पावसाळ्यात मशीन आणि रॉड कसे ठेवायचे?

रॉड घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. ६०१३ ओलावला असेल तर १००–१२० अंशांना तासभर वाळवता येतो, पण ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात नाही. कोकणात मशीन महिनोन्‌महिने न वापरता ठेवलं तर बोर्डवर बुरशी धरते. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा.

पावसापेक्षा मोठा शत्रू ग्राइंडर. लोखंडाचा बारीक चुरा मशीनचा पंखा आत ओढतो, तो बोर्डवर बसतो, त्यावर ओल येते आणि शॉर्ट होतं. ग्राइंडरच्या ठिणग्या ज्या दिशेला जातात तिकडे मशीन कधीही ठेवू नका. तीन महिन्यांनी प्लग काढून, दहा मिनिटं थांबून, जाळीतून ब्लोअरने हवा मारा.

२०. पंखा फिरतोय पण पिवळा दिवा लागून आर्क येत नाही. आणि आरसीसीबी (करंट अर्थिंगला गळला की लाइन तोडणारा स्विच) पण पडते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरंच काम झाल्यावर पिवळा दिवा लागला तर मशीन तापलंय. बंद करू नका, पंखा चालू ठेवून दहा मिनिटं थांबा. थंड मशीनवर लगेच लागला तर आधी व्होल्टेज मोजा (प्रश्न ६). व्होल्टेज ठीक असेल तर दुरुस्तीला न्या.

आरसीसीबीचं असं: मशीनच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला जातोच. घरातल्या बाकी उपकरणांचा मिळून तो ३० मिलिअँपिअरजवळ गेला की ती पडते. बाकी सगळं बंद करून फक्त मशीन लावा. तरीही पडली तर मशीनमध्ये ओल किंवा चुरा आहे. प्लगची अर्थिंगची पिन काढून ‘उपाय’ करणारे भेटतील. त्यानंतर मशीनची बॉडी हात लावण्याजोगी राहत नाही.

२१. बिल किती वाढेल? आणि शेजाऱ्यांची कामं पैसे घेऊन केली तर?

८० अँपिअरला लाइनमधून सुमारे २.२ किलोवॅट जातात. रविवारी तीस रॉड जाळले तर आर्क जेमतेम अर्धा तास चालतो, म्हणजे साधारण एक युनिट. ग्राइंडर धरून दीड. बिलात ते शोधावं लागेल.

पैसे घेऊन नियमित कामं करायची असतील तर घरगुती कनेक्शन चालेलच असं नाही, आधी महावितरणकडे विचारा. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी वीज वापरणं हे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडतं आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. लागत असेल तर वेगळं कनेक्शन आधी घ्या, पाटी नंतर लावा.